मधला आकडा

माणसाला वय आणि पगार विचारू नये, असं आईनं दोघी मुलींना लहानपणापासून शिकवलं होतं. थोरलीच्या नशिबी नोकरी आली ती नेमकी पगार विचारायची. दिवसाला चाळीस फोन लावायचे, त्यातले दहा उचलले गेले तर दिवस चांगला म्हणायचा, आणि त्या दहा जणांना विचारायचं, "सध्या काय करता, आणि महिन्याला हातात किती येतात?" उत्तर आलं की रकान्यात भरायचं.

ज्या कॉलेजात ती हे काम करत होती, तिथूनच दोन वर्षांपूर्वी तिनं व्यवसाय अर्थशास्त्राची पदवी घेतली होती. वर्षभर अर्ज करून करून बोटं दुखली, तेव्हा विभागप्रमुखांनी स्वतः बोलावून तिला सहा-सहा महिन्यांच्या करारावर ठेवून घेतलं. पहिला करार जुनी कागदपत्रं लावण्यात गेला. दुसऱ्यात हे काम आलं: तिच्याच वर्गातून बाहेर पडलेल्या एकशे बारा जणांना शोधायचं आणि त्यांची कमाई लिहून घ्यायची. नव्या माहितीपुस्तकात सरासरी पगार छापायचा होता.

बसायला खोली मिळाली होती ती जुन्या उत्तरपत्रिकांची. तीन भिंतींना गठ्ठे, चौथ्या भिंतीला न उघडणारी खिडकी, मधे एक टेबल. फोनची घंटा वाजत असताना थोरलीला बसवत नसे. ती उठायची, खिडकीपासून कपाटापर्यंत चार पावलं, कपाटापासून खिडकीपर्यंत चार. पायाला भिंगरी लागल्यासारखी. कोणी उचललं की थांबायची, लिहायची, पुन्हा चालू पडायची.

पहिल्याच दिवशी एकानं बेधडक सांगितलं, "चाळीस लिही."

"हातात चाळीस?"

"हातात म्हणशील तर बावीस. बाकीचं टार्गेट पूर्ण झालं तर."

"होतं का पूर्ण?"

"अजून तरी कोणाचं झालेलं ऐकलं नाही."

तेव्हापासून 'हातात' हा शब्द ती कधी विसरली नाही. आणि एक गोष्ट तिच्या लक्षात आली. पगार विचारला की लोक आढेवेढे घेत, पण एकदा आकडा सांगून झाला की न विचारता कर्जाचं बोलू लागत. किती घेतलं होतं, किती झालं, जामीन कोण आहे, बँकेचा फोन कोणत्या तारखेला येतो. फॉर्ममध्ये कर्जाला रकानाच नव्हता. पहिले दोन दिवस तिनं नुसतं ऐकलं. तिसऱ्या दिवशी पट्टी घेतली आणि कागदाच्या उजव्या कडेला पेन्सिलीनं एक रेघ ओढली.

सगळेच रडगाणं गात होते असं नाही. एक जण पशुखाद्याच्या कारखान्यात खरेदी विभागात होता. एकतीस हजार. आवाजातच समाधान होतं.

"मक्याचे भाव तीन महिन्यांनी कुठे असतील ते मला सांगावं लागतं," तो म्हणाला. "सर मागणी-पुरवठा शिकवायचे तेव्हा आपण मागच्या बाकावर फुल्ली-गोळा खेळायचो. आता कळतंय काय शिकवत होते ते."

"कर्ज?"

"नाही ना. हीच तर गंमत आहे. बाबांना निवृत्तीचे पैसे मिळाले होते, त्यातून फी भरली. पहिलं वर्ष मी इथे बारा हजारांवर काढलं. डोक्यावर हप्ता असता तर ही नोकरी मी घेतलीच नसती बघ. पहिली जी जास्त पैसे देईल तिथे पळालो असतो, आणि आज लोकांना विमा विकत बसलो असतो."

थोरलीनं एकतीस लिहिलं, आणि उजवीकडच्या रेघेपलीकडे शून्य. त्या पानावर ते एकटंच शून्य होतं.

दुसऱ्या एका नंबरावर आई बोलली. सकाळचे अकरा वाजले होते, मुलगा झोपला होता. "बरं नाही का त्याला?" थोरलीनं विचारलं. "तसं काही नाही," बाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "तुम्ही कॉलेजातून बोलताय ना? मग नोकरी आहे असं लिहा ना. नाही लिहिलंत तरी कोणाला काय मिळणार आहे? आणि लिहिलंत तर कोणाचं बिघडणार आहे?" थोरलीनं 'पुन्हा फोन करते' म्हटलं आणि रकाना कोरा ठेवला. फोन काही पुन्हा केला नाही. त्या दुपारी तिची चार पावलं आठ झाली, कारण ती खोलीतून बाहेर पडून थेट व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन येऊ लागली.

आणि मग बाकावरच्या मैत्रिणीचा नंबर आला. तीन वर्षं दोघी एका बाकावर बसल्या होत्या. शेवटच्या परीक्षेनंतर कशावरून तरी बोलणं तुटलं, कशावरून ते आता दोघींपैकी एकीलाही नीट सांगता आलं नसतं. ती औषधांच्या गोदामात मालाची नोंद ठेवत होती. अठरा हजार, कर्ज साडेसहा लाख.

"लिही, काम करते म्हणून," मैत्रीण म्हणाली. "कुठे ते नको लिहूस. खोकी मोजायला पदवी लागत नाही हे छापून यायला नको."

"नाही येत छापून. फक्त आकडा येतो."

"बरं. आणि तुझा किती?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न उलटून कोणी विचारला नव्हता. थोरलीच्या तोंडून पटकन निघून गेलं, "सव्वीस."

"बरं चाललंय तुझं," मैत्रीण म्हणाली. त्यात जराही खोच नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं.

थोरलीला महिन्याला सतरा हजार मिळत होते. सव्वीस हा आकडा तिनं पहिल्यांदा घरी सांगितला होता, नोकरी लागली त्या दिवशी. का सांगितला, तर बाबा नुकते कामावरून आले होते आणि तोंड धुता धुता त्यांनी विचारलं होतं, "पंचवीसच्या वर आहे ना? म्हणजे हप्ता आरामात निघेल." ती 'हो' म्हणाली आणि 'हो'ला शोभेल असा आकडा जोडला. नोकरी कायमची आहे, असंही त्याच ओघात सांगून टाकलं. एक खोटं पचवायचं तर त्याला आणखी चार घास लागतात. हप्ता अकरा हजार सहाशेचा, आणि तो याच महिन्यापासून सुरू झाला होता. घरात आठ हजार द्यायचे. बेरीज सतराच्या पलीकडे जात होती. म्हणून ती बसनं जाते सांगून पाऊण तास चालत जायची, आणि रविवारी ग्रंथालयात जाते सांगून एका रंगाच्या दुकानात डबे मोजायला जायची. मैत्रीण खोकी मोजत होती आणि थोरली डबे, फरक एवढाच.

त्या संध्याकाळी तिनं यादी उलगडली. त्र्याहत्तरावं नाव तिचं स्वतःचं होतं. तिथे सव्वीस आधीच भरलेलं होतं, तिच्याच अक्षरात.

घरी दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत आईचं शिवणयंत्र. कपड्यांच्या दुकानातून पँटींचे गठ्ठे यायचे आणि आई त्यांच्या उंच्या कमी करून द्यायची. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. 'दिवसभर लोकांना वर चढवतो आणि संध्याकाळी जिना चढून घरी येतो,' हा त्यांचा ठरलेला विनोद होता, कारण हे राहायचे त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. थोरलीच्या पाठची धाकटी यंदा बारावी झाली होती, आणि तिलाही तोच विषय, तेच कॉलेज हवं होतं. मागच्या वर्षीचं माहितीपुस्तक तिच्या उशाशी असे. त्यात पहिल्याच पानावर होतं: सरासरी पगार, अठ्ठेचाळीस हजार.

"ताई, तुला सव्वीस म्हणजे तू सरासरीच्या खालीच की," धाकटी म्हणायची. "मी वरची होणार."

त्या रात्री जेवताना बाबांनी विषय काढला. "बँकेत जाऊन आलो. धाकटीचं कर्ज होईल म्हणाले. पण मी तुझ्या कर्जाला जामीन आहे, तर माझ्या एकट्याची सही चालणार नाही. तुझीही लागेल. तुझी सॅलरी स्लिप घेऊन शुक्रवारपर्यंत या म्हणाले."

"शुक्रवार कुठला, हा?"

"पुढचा. आठ दिवस आहेत. कॉलेजातून एक कागद आणायला आठ दिवस पुरेत की."

"पुरेत," थोरली म्हणाली, आणि पाणी प्यायला म्हणून उठली. तांब्या समोरच होता.

दुसऱ्या दिवशी आकडे जमवून ती विभागप्रमुखांकडे गेली. मुलं त्यांना 'सरासरी सर' म्हणत. दर तासाला कोणी काही ठासून बोललं की सर म्हणायचे, "आधी सरासरी काढा, मग बोला." माणूस वाईट नव्हता. थोरलीला काम देताना त्यांनी व्यवस्थापनाशी दोनदा वाद घातला होता, हे तिला शिपायाकडून कळलं होतं.

एकशे बारापैकी ब्याऐंशी जण सापडले होते. अकरा जण बेकार, एकाहत्तर कमावते. स्वतःची त्र्याहत्तरावी ओळ तिनं आदल्या रात्री खोडून सतरा केली होती.

"सरासरी?" सरांनी विचारलं.

"एकेचाळीस हजार, सर. कमावत्यांचीच धरली तर."

"मागच्या वर्षीपेक्षा कमी. पण ठीक आहे. छापू."

"सर, त्यात एक जण परदेशात आहे. गुंतवणुकीच्या कंपनीत. महिन्याला अकरा लाख. आणखी दोघं सव्वा लाखाच्या आसपास. हे तिघं बाजूला काढले तर सरासरी तेवीसवर येते."

"का काढायचे? आपलीच मुलं आहेत ना ती?"

"आहेत, सर."

"मग एकेचाळीस खोटं आहे का?"

"नाही, सर. खोटं नाही."

"मग?"

थोरलीला बसायला सांगितलं होतं, पण ती खुर्चीच्या पाठीला धरून उभीच होती. "तुम्हीच शिकवलं होतंत, सर. हत्ती आणि शेळ्या एका काट्यावर घालू नका. सगळ्यांना उंचीप्रमाणे रांगेत उभं करा आणि बरोबर मधे जो उभा आहे त्याला विचारा. मी उभं केलं. मधला आकडा एकवीस आहे. आणि कर्ज असलेल्यांचा सरासरी हप्ता दहाच्या वर जातो." तिनं दुसरा कागद पुढे ठेवला.

सरांनी तो कागद बराच वेळ पाहिला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मागच्या वर्षी चौसष्ट प्रवेश झाले," ते म्हणाले. "साठच्या खाली गेलो तर विभाग बंद. तसं लेखी आहे माझ्याकडे. सात जणांच्या चुली आहेत यावर. तुझी धरली तर आठ." मग थोड्या वेळानं, जणू दुसऱ्याच कोणाशी बोलत असल्यासारखे म्हणाले, "मी हा विषय शिकलो तेव्हा वर्षाची फी माझ्या चपलांच्या जोडापेक्षा कमी होती. त्यामुळे तो उपयोगाचा आहे की नाही, हे कधी कोणाला विचारावं लागलं नाही."

"मी काय करू, सर?"

"दोन्ही कागद ठेवून जा."

ती बाहेर आली. सॅलरी स्लिपचं बोलायचं राहूनच गेलं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तिनं ते पुन्हा पुन्हा ठरवलं आणि टाळलं. सतराची स्लिप घेऊन घरी जायचं तर सगळंच उघडं पडणार होतं. तिला एकदा असंही वाटून गेलं की, स्लिपवरचा एक आकडा बदलायला कितीसा वेळ लागतो? संगणक समोर होता, छपाईयंत्र व्हरांड्यात. या विचाराची तिला इतकी धास्ती बसली की ती वेळेआधी एक तास घरी निघाली, आणि घर आलं तरी थांबली नाही. इमारतीला दोन वळसे घालून मग जिना चढली.

रविवारी ती डबे मोजून दुपारी घरी आली. बाबा सुट्टीचे घरी होते, टेबलफॅन उघडून बसले होते. धाकटी फॉर्म भरत होती. आईनं पँटीच्या शिवणीतून मान वर केली आणि थोरलीच्या बाहीकडे पाहिलं.

"ग्रंथालयात रंगकाम काढलंय वाटतं."

बाहीवर हिरव्या ऑइलपेंटचा चांगला हातभर ओघळ होता. थोरली त्याकडे बघत राहिली. काहीतरी सांगता आलं असतं. बाकाला रंग दिला होता, भिंतीला लागलं. जिभेवर आलंही होतं. पण तीन आठवडे ती ऐंशी माणसांना खरं सांगा म्हणत आली होती, आणि आता स्वतःच्या आईसमोर आणखी एक जुळवायचं तिच्या जिवावर आलं.

"मी ग्रंथालयात जात नाही," ती म्हणाली. "रंगाच्या दुकानात जाते. डबे मोजायला. दर रविवारी." आणि मग थांबायच्या आत बाकीचंही सांगून टाकलं. सतरा हजार, सहा महिन्यांचा करार, तो दोन महिन्यांनी संपतो, बस नाही, चालत.

शिवणयंत्र थांबलं. बाबांच्या हातात फॅनचा स्क्रू होता, तो त्यांनी खाली ठेवला नाही.

"सतरा?"

"हो."

"मी सगळ्या साइटवर सांगत फिरलो, पोरगी सव्वीस घेते म्हणून." ते उठले आणि मोरीत जाऊन हात धुऊ लागले. हाताला फार काही लागलेलं नव्हतं, तरी बराच वेळ पाणी वाहत होतं. परत आले तेव्हा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं थोरलीला वाटलं.

"आम्हाला का नाही सांगितलंस?"

"माझ्या कर्जाच्या वेळी बँकेत सही करताना तुमचा हात जरासुद्धा अडखळला नव्हता, बाबा. एवढ्या पानांवर सह्या केल्यात, एक ओळ वाचली नाहीत. म्हणून नाही सांगवलं."

बाबा पुन्हा फॅनपाशी जाऊन बसले. बोलली ती धाकटी. तिनं फॉर्मवरचं पेन आपटलं. "म्हणजे माझं बंद. असंच ना? तू शिकून घेतलंस, आता पैसे संपले आणि शहाणपण सुरू झालं."

"बंद असं मी म्हटलं नाही. त्या पुस्तकातला आकडा धरून चालू नकोस, एवढंच."

"आणि तुझा धरू? तू तर घरच्यांनाही खोटा सांगतेस."

आईनं ताटं वाढायला घेतली. "आधी जेवा," ती म्हणाली. "उपाशीपोटी भांडलं की जास्त बोललं जातं." कोणी फारसं जेवलं नाही. पण त्या दुपारी थोरलीला अंथरुणाला पाठ टेकताच झोप लागली, ती दिवेलागणीपर्यंत.

धाकटी दोन दिवस बोलली नाही. एकाच खोलीत झोपणाऱ्या बहिणींना अबोला पाळणं म्हणजे कसरतच. आरशासमोरून एक बाजूला झाली की दुसरी यायची. मंगळवारी संध्याकाळी धाकटीनंच तोंड उघडलं.

"तुझ्या त्या रांगेत मधे उभा आहे, तो कोण?"

"नाव नाही सांगता येणार. लोकांनी विश्वासानं सांगितलंय."

"नाव नको. मला त्याच्याशी बोलायचंय. सरांचा आकडा मला नको, तुझाही नको."

एकाहत्तरमध्ये छत्तिसावा. थोरलीनं दुसऱ्या दिवशी त्याला फोन केला, परवानगी विचारली. तो फरशांच्या एका मोठ्या दुकानात हिशेब बघत होता. 'मी मधला आहे?' तो हसून म्हणाला. 'आयुष्यात पहिल्यांदा कशाच्या तरी केंद्रस्थानी आलो. लाव फोन बहिणीला.' संध्याकाळी धाकटी फोन घेऊन जिन्यात जाऊन बसली. पाऊण तास. थोरली आत येरझारा घालत होती. मधेच हसण्याचा आवाज आला, मधेच बराच वेळ काही नाही.

धाकटी आत आली आणि भिंतीला टेकून बसली. "पहिलं काय विचारलं माहितीये त्यानं? विषय आवडतो का, म्हणाला. मी हो म्हटलं, तर म्हणे का आवडतो ते सांग. मला सांगताच येईना. मग म्हणाले की भाव का वाढतात ते मला कळून घ्यायचंय. आईला एका पँटीमागे चार वर्षांपूर्वी मिळायचे तेवढेच आज का मिळतात, ते कळून घ्यायचंय."

"मग?"

"मग तो म्हणाला, हे शिकायला इतकी महागडी इमारत लागत नाही. शहराच्या त्या टोकाला सरकारी कॉलेज आहे, तिथेही हाच विषय आहे. फी पाचवा हिस्सा. नोकरी लावून द्यायला कोणी नसतं, पण आपल्यालाही कुठे कोणी लावून दिली, म्हणाला. दीड तास जायला, दीड तास यायला." ती थोरलीकडे न बघता म्हणाली, "तू सांगितलंस म्हणून नाही जात आहे मी. हे लक्षात ठेव."

"ठेवलं."

शुक्रवारी बाबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, आणि बापलेक बँकेत गेले. धाकटीच्या नव्या कर्जासाठी नाही. थोरलीचा हप्ता कमी करून मिळतो का ते बघायला. कर्ज विभागातल्या बाई संगणकात बघत बोलत होत्या.

"सध्याचा पगार?"

"सतरा हजार," थोरली म्हणाली. बाबा शेजारच्या खुर्चीत होते. गेले पाच दिवस हा आकडा घरात कोणी उच्चारला नव्हता.

"कायम?"

"नाही. करार आहे. दोन महिन्यांनी संपतो."

बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. "बरं केलंत आधी आलात. लोक तीन हप्ते थकले की येतात, आणि मग आमच्याही हातात काही राहत नाही. मुदत सातवरून अकरा वर्षं करता येईल. हप्ता आठ हजार सातशेच्या आसपास येईल."

थोरलीनं मनातल्या मनात गुणाकार केला. शिक्षण वाया गेलं नव्हतं. उत्तर लगेच आलं. "म्हणजे एकूण जवळजवळ पावणेदोन लाख जास्त."

"साधारण तेवढेच. सुटसुटीत हप्ता हवा तर तो भाव आहे."

अकरा वर्षांनी ती चौतीस वर्षांची होणार होती. तिनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी कागद पुढे ओढले, खिशातून चष्मा काढला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. बोट फिरवत, सावकाश, प्रत्येक पान. एका ठिकाणी थांबून त्यांनी विचारलं, "हे 'बदलते व्याज' म्हणजे काय?" बाई सांगू लागल्या, पण बाबांनी हात वर केला. "तुम्ही नको, हिला सांगू द्या. हिला येतं." थोरलीनं समजावून सांगितलं. बाबांना कळलं, मग सही केली. मागे माणसांची रांग लागली होती, पण त्यांनी घाई केली नाही.

बाहेर आल्यावर तिनं मैत्रिणीला फोन लावला आणि सांगितलं की सव्वीस खरं नव्हतं, सतरा आहे.

"म्हणजे मी तुझ्यापेक्षा हजारानं श्रीमंत," मैत्रीण म्हणाली. "आधी सांगायचंस ना. गेला आठवडाभर मी स्वतःला उगाच शिव्या घालत होते." मग म्हणाली, "रविवारी ये घरी." थोरली म्हणाली, रविवारी डबे असतात. मग दोघींनी शनिवार ठरवला.

माहितीपुस्तक महिन्याभरानं छापून आलं. पहिल्या पानावर एकेचाळीस हजार, ठसठशीत. थोरलीनं खाली ठेवून दिलं. शिपाई म्हणाला, "अकरावं पान बघितलंत का?" अकराव्या पानावर, वसतिगृहाच्या नियमांच्या वर, बारीक टाइपात एक ओळ होती: 'कमावत्या माजी विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांचा मासिक पगार एकवीस हजारांहून कमी आहे.' हप्त्याचं काही नव्हतं. सरांनी ती ओळ कशी घुसवली आणि बाकीची कोणी कापली, ते तिनं विचारलं नाही. त्या वर्षी एकसष्ट प्रवेश झाले. अकरावं पान किती जणांनी वाचलं असेल, कोण जाणे. सर तिच्यासमोरून जाताना एकदाच थांबले आणि म्हणाले, "एकानं वाचून जागा सोडली. वडील येऊन फॉर्म परत घेऊन गेले. साठच्या काठावर आहोत आता." रागावून म्हणाले की कसं, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. करार संपला तेव्हा त्यांनी शिफारसपत्र मात्र स्वतःच्या हातानं लिहून दिलं, दोन पानी.

मग पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखती. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात एका खोक्यामागे खरा खर्च किती येतो ते काढणारं माणूस हवं होतं. पगार एकोणीस. दुसरीकडे, एका कॉल सेंटरमध्ये, सव्वीस मिळत होते, खरोखरचे सव्वीस. थोरली आठवडाभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. हप्ता अकरा सहाशेचाच असता तर विचार करायची गरजच पडली नसती. आठ सातशेला तिला निदान तळमळायची तरी मुभा होती. अखेर तिनं खोक्यांचा कारखाना घेतला. चूक की बरोबर, हे तिला अजून ठरवता आलेलं नव्हतं, आणि घरात कोणी विचारलंही नाही. आईनं फक्त डबा मोठा घेऊन दिला, कारण कारखाना लांब होता.

धाकटीचं कॉलेज सुरू झालं. पहिल्या आठवड्यात ती एका संध्याकाळी वही घेऊन आली आणि थोरलीसमोर टाकली. "मागणीची लवचिकता म्हणजे काय ते काही केल्या डोक्यात शिरत नाही. मास्तर एका दमात सांगून मोकळे झाले."

थोरली दमून आली होती. पण तिनं वही ओढली आणि आईच्या पँटींपासून सुरुवात केली: दुकानदारानं उंची कमी करायचे दर दुप्पट केले तर किती गिऱ्हाइकं स्वतःच घरी शिवून घेतील, आणि किती जण तरीही येतील. आई यंत्रावरून म्हणाली, "निम्मी जातील. बाकीच्यांना सुई धरता येत नाही." "हेच," थोरली म्हणाली आणि आलेख काढला. मग दुसरा. मग बाबांनी विचारलं की लिफ्टचं काय, लिफ्ट तर महाग झाली तरी लागतेच, आणि ती तिकडे वळली. तास गेला. बोलता बोलता तिच्या ध्यानात आलं की आपण केव्हाचे एकाच जागी बसलेलो आहोत, पाय पोटाशी घेऊन, आणि मुंग्या आल्या आहेत.

"आता बास," आई म्हणाली. "सकाळी दोघींना लवकर निघायचंय."

"एवढं एक उदाहरण," धाकटी म्हणाली, आणि थोरलीनं पान उलटलं.